रोबोट टेबलावर पळतो, मैदानात थांबतो: आधी मोटरचं माउंट तपासा, मग वायरिंग

तक्रार दरवर्षी तीच असते. चाकं हवेत ठेवून रोबोट चालवला की चारही मोटरी झकास फिरतात. जमिनीवर उतरवून चार फेऱ्या मारल्या की एक चाक मागे पडतं, रोबोट एका बाजूला ओढायला लागतो, किंवा जोरात पुढे जाताना एकदम मागे घेतला की सगळंच बंद पडून पुन्हा सुरू होतं. मग टीम वायरी बदलते, जाड वायर टाकते, पुण्याहून नवा ड्रायव्हर (मोटरला करंट सोडणारा बोर्ड) मागवते. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

विश्रामबाग, मिरज, इस्लामपूर अशा सगळीकडच्या कॉलेजांतली मुलं स्पर्धेच्या रोबोटसाठी लेझर कटिंग आणि लेथचं काम करून घ्यायला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत येतात. त्यांच्याबरोबर रोबोट उघडून बघताना मला जे पुन्हापुन्हा दिसतं ते इथे लिहितोय. त्रास वायरीत दिसतो, पण बऱ्याचदा तो तयार होतो मोटरच्या माउंटवर, म्हणजे मोटर बेसला धरून ठेवणाऱ्या पट्टीवर. वायरी बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. करंट का वाढला हे आधी शोधायचं, आणि तो वाहून नेण्याची सोय त्यानंतर करायची. खालचा क्रम त्यासाठीच आहे, तो उलटा करू नका.

करंट येतो कुठून

डीसी मोटरच्या शाफ्टवर जेवढा भार, तेवढा करंट. मोकळी फिरताना मोटर स्वतःच बॅटरीच्या उलट दिशेनं व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि त्यामुळे करंट आवाक्यात राहतो. शाफ्ट अडवला की ते व्होल्टेज शून्य होतं आणि करंट फक्त वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर ठरतो. समजा १२ व्होल्टच्या मोटरचा रेझिस्टन्स १ ओहम आहे. अडली तर ती १२ ॲम्पिअर ओढणार. तीच मोकळी असताना तिचं अर्ध्या-पाऊण ॲम्पिअरवर भागतं.

या दोन टोकांच्या मध्ये तुमचा रोबोट कुठे चालतोय, हे चाकावरच्या वजनावर ठरतं, तसंच माउंट किती सरळ आहे यावरही ठरतं. माउंट वाकडं असलं, गिअरबॉक्स पिळला गेला असला, शाफ्ट बुशमध्ये (ज्या नळीत तो फिरतो तिच्यात) घासत असला, तर प्रत्येक मोटर एक-दीड ॲम्पिअर उगाच जास्त खाते. चार मोटरींचे झाले चार ते सहा ॲम्पिअर, आणि तेही पूर्ण वेळ. त्यानं मोटर तापते. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून त्याच करंटला आणखी उष्णता होते. ड्रायव्हर तापतो आणि शेवटी स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो. टेबलावर दहा सेकंद चालवून यातलं काहीच दिसत नाही.

लक्षण नीट बघा

‘रोबोट बंद पडतो’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. बंद पडला त्या क्षणी काय झालं ते बघायला एक माणूस मोकळा ठेवा. त्याच्या हातात रिमोट नको.

सगळं एकदम गेलं, बोर्डावरचे दिवे विझून पुन्हा लागले, तर कंट्रोलरचं (ज्यात कोड चालतो त्या आर्डिनोसारख्या बोर्डाचं) व्होल्टेज पडून तो रिसेट झालाय. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे. एकच चाक थांबलं आणि त्या मोटरला हात लावता येत नाही इतकी ती तापलीय, तर माउंट, बुश किंवा आत घुसलेला बोल्ट. एकच चाक थांबलं पण मोटर गार आहे, तर जोड, कनेक्टर किंवा ड्रायव्हरचं टर्मिनल. मोटरचा आवाज येतोय आणि चाक जागेवर आहे, तर ग्रब स्क्रू (चाकाचा हब शाफ्टवर पकडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) सुटलाय. सकाळी सरळ जाणारा रोबोट दुपारी एका बाजूला ओढतो, तर बहुतेक वेळा एक मोटर बाकीच्या तिघींपेक्षा जास्त राबतेय.

बॅटरी काढून लगेच वायरीवरून हात फिरवा. वायर सगळीकडे सारखी कोमट असेल तर ती बारीक पडतेय. वायर गार आणि एकाच ठिकाणी चटका बसतोय, तर तिथला जोड खराब आहे. पैसे खर्च न करता होणारी ही सगळ्यात खात्रीची तपासणी आहे, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

आवळताना करंट बघा

या पोस्टमधला एकच भाग करायचा असेल तर हा करा.

चाक काढा. मोटर माउंटवरून पूर्ण सोडवा. मल्टीमीटरची लाल पिन १० ॲम्पिअरच्या खाचेत घालून मीटर पॉझिटिव्ह वायरीत सिरीजमध्ये लावा आणि मोटर ड्रायव्हरशिवाय थेट बॅटरीवर फिरवा. आलेला आकडा मोटरवरच मार्करनं लिहून ठेवा. हा मोकळ्या मोटरचा करंट आहे, त्यामुळे मीटरला धोका नाही. अडलेल्या मोटरवर मात्र ही रेंज वापरू नका, आतला फ्यूज जाईल.

आता मोटर फिरत असतानाच ती माउंटवर बसवा आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा. प्रत्येक पिळाला मीटरकडे बघा. मोकळी असताना ०.४५ होता आणि सगळे स्क्रू आवळून ०.५० झाला, तर काही काळजी नाही. एखाद्या स्क्रूला तो ०.८, ०.९ वर उडी मारतो, आवाजही बदलतो, तर तिथेच थांबा. दोष तुमच्या हाताखाली आहे.

कुपवाडला एका मुलानं आणलेल्या रोबोटवर हे करत होतो. चौथा स्क्रू अर्धा पिळ फिरला आणि करंट दुपटीच्या वर गेला. शेजारच्या लेथवरच्या मामांनी लांबूनच आवाज ऐकला. “बोल्ट काढ आणि टोक बघ, पोरा.” काढला. एम३ चा बोल्ट, टोकाचे दोन आटे घासून चकाकत होते आणि त्यावर गिअरबॉक्सचं काळं ग्रीस. बोल्ट तोंडावरच्या प्लेटमधून आरपार जाऊन आतल्या गिअरला घासत होता. त्या मोटरची वायर त्या मुलानं आधी दोनदा बदलली होती.

आपल्याकडे सर्रास वापरतात त्या ३७ मिलीमीटर गिअरबॉक्सच्या मोटरींना हा रोग फार. तोंडावरच्या प्लेटला आटे थोडेच मिलीमीटर असतात आणि लगेच मागे गिअर सुरू होतात. व्हर्नियरच्या मागच्या बाजूला जी बारीक पट्टी बाहेर येते तिनं भोकाची खोली मोजा. त्यात पत्र्याची आणि वॉशरची जाडी मिळवा, आणि त्याहून अर्धा मिलीमीटर आखूड बोल्ट घ्या. आटे ३ मिलीमीटर खोल, पत्रा ३ चा, वॉशर अर्ध्याचा, म्हणजे साडेसहा. इथे ६ चा बोल्ट बसतो. १० चा बोल्ट हाताला लागला म्हणून घातला तर तो गिअर खाणार.

बोल्टची लांबी बरोबर असूनही करंट वाढत असेल तर मोटर काढून पत्र्याच्या भोकांवरून बोट फिरवा. ड्रिलनं पाडलेल्या भोकाच्या मागच्या कडेला बर, म्हणजे वर आलेली धारदार कड, राहिलेली असते. मोटरचं तोंड त्या बरीवर टेकतं, आवळलं की तिरकं होतं आणि गिअरबॉक्स पिळला जातो. कानस मारून किंवा मोठं ड्रिल हातानं फिरवून कडा मारून घ्या. लेझर कटिंगच्या पत्र्यालाही खालच्या बाजूला असा थर राहतो. भोकांची जागा चुकली असेल, बोल्ट ओढूनताणून बसवावे लागत असतील, तर भोकं अर्धा मिलीमीटर मोठी करा. मोटर बोल्टच्या पकडीवर घट्ट राहते. भोकात बोल्ट अडकून राहण्यावर तिचा भरवसा ठेवायचा नसतो.

माउंट झाल्यावर हीच तपासणी कपलिंग लावून, मग बाहेरचं बेअरिंग लावून, मग चाक लावून करा. प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहा. ज्या टप्प्याला उडी दिसेल, दोष त्या टप्प्याचा. शेवटी चारही मोटरींचे आकडे एकमेकींशी लावून बघा. एकीचा आकडा बाकीच्यांच्या दीडपट असेल तर रोबोट त्याच बाजूला ओढणार, मग कोडमध्ये वेग सावरणारं पीआयडी कितीही बसवा.

आणि एक जपा. मोजून झालं की लाल पिन पुन्हा व्होल्टच्या खाचेत. ती ॲम्पिअरच्याच खाचेत राहिली आणि कुणी बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलं, तर ते मीटरमधून थेट शॉर्ट होतं.

माउंट कसं असावं

मोटर चाकाला जेवढ्या जोरानं फिरवते, तेवढ्याच जोरानं स्वतःचं अंग उलटं फिरवायला बघते. तो जोर माउंट झेलतं. दर वेळी दिशा बदलली की माउंट एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतं. पातळ एल-पट्टी असेल तर हे डोळ्यांना दिसतं. चाक हातानं धरून मोटरला हलका झटका द्या आणि बाजूनं बघा. मोटर मान हलवतेय असं दिसलं की पट्टी बदला.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. २ मिलीमीटरऐवजी ३ घेतला तर तो जवळजवळ साडेतीन पट ताठ, ४ घेतला तर आठ पट. स्टील त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमपेक्षा साधारण तिप्पट ताठ असतं. म्हणून वजन वाचवायला २ चं ॲल्युमिनियम घेण्यापेक्षा ४ चं घेऊन मध्ये भोकं पाडून हलकं केलेलं माझ्या मते केव्हाही बरं. एल-पट्टीच्या काटकोनात एक त्रिकोणी तुकडा वेल्ड केला किंवा बोल्टनं बसवला तर फरक लगेच कळतो. लांब प्लॅनेटरी मोटर असेल तर तोंडाशी बोल्ट आणि मागे एक हलका आधार द्या. मागची क्लॅम्प मात्र गिअरबॉक्सवर करकचून आवळू नका. गोल अंग दाबलं जातं आणि पुन्हा करंट वाढतो.

थ्रीडी प्रिंटचं माउंट मुलांना आवडतं, कारण ते एका रात्रीत तयार होतं. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि भाराखालची मोटर तिथपर्यंत सहज पोचते. एप्रिल-मे मधल्या सांगलीच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला रोबोट तर न चालवताही वाकडा होतो. सेन्सरला पीएलए चालेल, मोटरला नको.

चाक मोटरच्या तोंडाला जितकं जवळ, तितका बुशवर कमी ताण. साध्या गिअर मोटरीत बाहेरच्या टोकाला बहुतेक वेळा बेअरिंग नसतं, पितळी बुश असतं. रोबोटचं वजन त्या बुशवर टांगून ठेवलं की महिन्याभरात शाफ्ट हलायला लागतो. शाफ्ट लांब असेल तर बाहेरच्या टोकाला बेअरिंग द्या. ६ मिलीमीटर शाफ्टला ६२६ नंबर बसतो, ८ ला ६०८. दोन्ही सहज मिळतात. पण बाहेरचं बेअरिंग आणि मोटर एका रेषेत नसतील तर आधार देण्याऐवजी ते शाफ्टला वाकवतं. आधी मोटर घट्ट करा, मग बेअरिंगचं घर सैल ठेवून शाफ्ट हातानं फिरवा, ते आपोआप जागेवर येऊ द्या, आणि मग आवळा.

चारही चाकं जमिनीला सारखी टेकतात का हे ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर बघा. प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी ठेवून ती ओढा. एखादी पट्टी सहज निघून आली तर ते चाक हवेत आहे, आणि त्याचा भार शेजारच्या मोटरीवर पडतोय. मेकॅनम आणि ओम्नी चाकांना (रोबोटला आडवंही सरकू देणाऱ्या, रोलर बसवलेल्या चाकांना) हे फारच भोवतं, कारण त्यांची दिशा चारही चाकांच्या पकडीवर ठरते. बेसच्या वाकडेपणावर उपाय म्हणजे माउंटखाली पातळ पॅकिंग, आणि मोटर बेसला काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून बघणं.

मोटर फिरते, चाक नाही

डी-शाफ्टच्या सपाट बाजूवर ग्रब स्क्रू बसलाच पाहिजे. हब काढून बघा. गोल बाजूवर ओरखडा दिसला तर स्क्रू चुकीच्या जागी आवळला होता. शक्य असेल तर पहिल्याला ९० अंशांवर दुसरा ग्रब स्क्रू पाडून घ्या. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, निळं येतं ते, एक थेंब पुरे. तेल पुसून लावा आणि रात्रभर राहू द्या. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या भागाजवळ ते लावू नका, भेगा पडतात. तिथे नायलॉक नट वापरा.

आता वायर

मोटरींचे आकडे जमले आणि तरी रोबोट थांबतो, तर मग वायर. इथे अंदाज नको, मोजून ठरवा. एक चौरस मिलीमीटर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १७ मिलीओहम. अर्ध्या चौरस मिलीमीटरचा ३४, दीडचा साडेअकरा, अडीचचा ७, चारचा सव्वाचार. जाताना आणि येताना अशी दोन्ही वायर धरायची, हे बरेच जण विसरतात.

बॅटरीपासून ड्रायव्हर १ मीटरवर आहे, म्हणजे वायर २ मीटर. अर्ध्या चौरस मिलीमीटरची वायर टाकली आणि २० ॲम्पिअर ओढले तर जवळजवळ १.४ व्होल्ट वायरीतच जातात आणि २७ वॉट उष्णता होते. अडीचची टाकली तर पाव व्होल्टाच्या थोडं वर. नदीवरून ऊसाला पाणी आणणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पंप लांब गेला की केबल जाड घ्यावी लागते, नाहीतर मोटर जळते. रोबोटमध्ये अंतर कमी असतं, पण व्होल्टेज १२ च असल्यामुळे एक व्होल्ट पडणंही फार महाग पडतं.

म्हणून वायर जाड करण्याआधी ती आखूड करा. बॅटरी एका टोकाला, ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला, असं का ठेवायचं? बॅटरी आणि ड्रायव्हर मधोमध शेजारीशेजारी ठेवा, मोटरींना सारख्या लांबीच्या वायरी सोडा. नियमपुस्तक परवानगी देत असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्टच्या मोटरी वापरा. तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो आणि वायरीतली उष्णता पावपट होते. रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेत मर्यादा साधारण २४ व्होल्टची असते, पण त्या वर्षाचं नियमपुस्तक वाचूनच ठरवा. सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) २२.२ व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ती २५.२ दाखवते.

मध्यम आकाराच्या १२ व्होल्टच्या रोबोटला मी बॅटरी ते ड्रायव्हर ४ चौरस मिलीमीटर आणि ड्रायव्हर ते मोटर दीड असं सुचवतो. अडलेल्या मोटरचा करंट १०-१२ ॲम्पिअरच्या वर असेल तर मोटरलाही अडीच.

दुकानात ‘१८ गेजची द्या’ म्हणून मागू नका. गेजच्या दोन पद्धती चालतात आणि आकडा एकच असला तरी तांबं वेगळं असतं. अमेरिकन पद्धतीची १८ गेज म्हणजे साधारण ०.८ चौरस मिलीमीटर, ब्रिटिश पद्धतीची जवळजवळ १.२. चौरस मिलीमीटरमध्येच मागा. घरातल्या वायरिंगची फ्लेक्सिबल वायर जागेवर बसणाऱ्या भागाला चालते. हलणाऱ्या हाताला, लिफ्टला, वळणाऱ्या चाकाला मात्र सिलिकॉन वायर हवी. तिच्यात केसासारख्या शेकडो तारा असतात, त्यामुळे ती वाकून तुटत नाही. सांगलीत ती दर वेळी मिळेलच असं नाही, पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते. कुणी जाणारं असेल तर मागवून ठेवा.

स्वस्त वायरीची एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाकवलं की लवकर तुटतं. फेकून द्या.

वायरीपेक्षा जोड जास्त दगा देतात. ते शोधायची रीत ऑटो इलेक्ट्रिशियनकडून शिकण्यासारखी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर ठेवा. एक पिन जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. आता कुणालातरी चाक एक-दोन सेकंद दाबून धरायला सांगून मोटर चालवा. हातमोजे घालून, आणि त्याहून जास्त वेळ नाही. चांगल्या जोडावर थोडेच मिलीव्होल्ट दिसतात. शंभर-दोनशे दिसले तर तो जोड कापून पुन्हा करा. बॅटरीच्या कनेक्टरपासून सुरुवात करून स्विच, फ्यूज होल्डर, ड्रायव्हरचं टर्मिनल, मोटरचं टोक, असं एकेक करत जा. मायनसची बाजूही बघा, निम्मे दोष तिकडेच असतात.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर आणाल तर तो डीसी मोजतो ना हे विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. नसला तरी काम अडत नाही. दीड चौरस मिलीमीटर वायरीच्या बरोबर १ मीटर तुकड्यावर व्होल्टेज मोजा. साडेअकरा मिलीव्होल्टला एक ॲम्पिअर, म्हणजे ११५ दिसले तर १० ॲम्पिअर.

ड्रायव्हरच्या स्क्रू टर्मिनलमध्ये डाख दिलेलं टोक घालू नका. टिनचं मिश्रण मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल होतो. उघड्या तारा पिळून घालण्यापेक्षा पिन लग क्रिंप करून घाला. पक्कड दाबून केलेलं क्रिंप हे क्रिंप नव्हे, चांगलं क्रिंपिंग टूल टीममध्ये एक तरी असू द्या. जाड वायर भोकात मावत नाही म्हणून थोड्या तारा कापतात, तेही नको, मोठ्या टर्मिनलचा ड्रायव्हर घ्या. मोटरच्या टोकाला डाख द्यावाच लागतो. तिथे वायर डाखाच्या कडेलाच तुटते, म्हणून स्लीव्ह चढवा आणि वायर मोटरच्या अंगाला टायनं बांधा, म्हणजे हिसका डाखाला बसणार नाही.

ड्रायव्हरवरच्या आकड्यावर विसंबू नका. एल२९८एन वर १ ॲम्पिअरलाच २ व्होल्टच्या आसपास जातात आणि चॅनलला २ ॲम्पिअरच्या पुढे तो चालत नाही, स्पर्धेच्या बेसला तो नकोच. बीटीएस७९६० च्या बोर्डावरचे ४३ ॲम्पिअर हा चिपचा आकडा आहे. बोर्डाचे ट्रॅक, टर्मिनल आणि तो छोटा हीटसिंक तेवढा करंट सतत झेलत नाहीत.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला, शक्य तितक्या जवळ, गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज हवाच. २० चा पिवळा, ३० चा हिरवा, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. लिपो वापरणाऱ्यांनी तर फ्यूजशिवाय बॅटरी जोडूच नये.

मागे घेतला की रिसेट

जोरात पुढे जाणाऱ्या मोटरला एकदम उलटं केलं की काय होतं बघा. तिचं स्वतःचं ११ व्होल्ट बॅक ईएमएफ आता बॅटरीच्या १२ मध्ये मिळतं. १ ओहमच्या मोटरवर झाले २३ व्होल्ट, म्हणजे अडलेल्या मोटरच्याही जवळजवळ दुप्पट करंट. हे चारही मोटरींना एकाच क्षणी होतं.

नव्या लेड ॲसिड बॅटरीचा आतला रेझिस्टन्स २५ मिलीओहम धरा, वायर, स्विच आणि कनेक्टरचे मिळून २७. हिशोब केला तर एकूण ७६ ॲम्पिअरच्या आसपास येतात आणि ड्रायव्हरपाशी व्होल्टेज ८ वर येतं. कंट्रोलर कसाबसा तगतो. आता तीच बॅटरी जुनी झाली, आतला रेझिस्टन्स ६० झाला. व्होल्टेज ६ वर आलं. आर्डिनोच्या व्हिन पिनला ७ तरी लागतात, आणि रिसेट झालाच. म्हणूनच एका बॅटरीवर रोबोट चालतो आणि दुसरीवर नाही, आणि मुलं कोडमधला दोष शोधत बसतात.

उपाय तीन, आणि तिन्ही करा. कोडमध्ये दिशा बदलताना पीडब्ल्यूएम (मोटरची ताकद कमीजास्त करणारा सिग्नल) एकदम उलटू नका, दीडशे-दोनशे मिलिसेकंदांत टप्प्याटप्प्यानं आधी शून्यावर आणि मग उलट न्या. रिमोट चालवणाऱ्याला हे जाणवत नाही, करंट मात्र निम्म्यावर येतो. कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी द्या, फक्त दोन्हींचे मायनस एकाच ठिकाणी, ड्रायव्हरपाशी, जोडा. आणि ड्रायव्हरच्या पॉवर पिनांवर १००० ते २२०० मायक्रोफॅरडचा, बॅटरीच्या दीडपट तरी व्होल्टेजचा कपॅसिटर लावा, पाय आखूड ठेवून.

एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) उलटसुलट आकडे देत असेल तर त्याच्या वायरी मोटरच्या वायरींबरोबर एकाच टायमध्ये बांधल्यात का ते बघा. वेगळ्या न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर डाखून टाका, ब्रशची ठिणगी तिथेच मरते.

स्पर्धेसाठी दिल्लीला नेताना

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं रोबोट पेटीत घालून नेला की दिवसाहून जास्त वेळ तो सारखा हादरत असतो. चाकांवर उभा ठेवू नका, बेसखाली ठोकळे देऊन चाकं अधांतरी ठेवा, म्हणजे हादरे बुशवर जाणार नाहीत. सगळे बोल्ट घट्ट केल्यावर डोक्यापासून पत्र्यापर्यंत मार्करची एक रेघ ओढा. उतरल्यावर रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय. रोबोट जमिनीवर उतरवायच्या आधी चारही मोटरींचे मोकळे करंट पुन्हा मोजा आणि घरी मार्करनं लिहिलेल्या आकड्यांशी लावून बघा. सोबत मोटर-माउंटचा एक तयार सेट, क्रिंप करून ठेवलेल्या मोटर वायरी, योग्य लांबीचे एम३ बोल्ट आणि फ्यूज वेगळ्या डब्यात ठेवा. पिटमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या दुरुस्तीच्या जागी, वायर कापून, सोलून, डाख द्यायला वेळ नसतो. तयार वायर लावली की दोन स्क्रूंचं काम.

हे सगळं करूनही दोष राहिला तर मला विचारताना चारही मोटरींचे मोकळे करंट, आवळल्यानंतरचे करंट, बॅटरीचं भाराखालचं व्होल्टेज आणि माउंटचा बाजूनं काढलेला फोटो एवढं पाठवा. वायरिंगचा फोटो नंतर पाठवला तरी चालेल.